बोट अजून निगाली न्हाय

"बसा की. बोट अजून निगाली न्हाय."

दाढी झाली, तुरटी फिरली आणि गिऱ्हाईक उठायच्या बेतात आलं, की आण्णा त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून हे म्हणायचे. दोनच बोटं, तीही हलकी. पण माणूस परत खुर्चीत टेकायचा. माझ्यासारखा कायम घाईत असलेला माणूसही टेकायचा. सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे, आणि आण्णांनी तर तो जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांची धाव वळसंग ते सोलापूर, फार तर मंद्रूपचा बाजार. तरी त्यांच्या सलूनमधून रोज एक बोट सुटायची. ती अमेरिकेहून निघून चीनला जायची, आणि तिच्यात रॉकेटं बनवणारा एक शास्त्रज्ञ, त्याची बायको आणि दोन लेकरं असायची.

सलून साखर पेठेत होतं, आमच्या दैनिकाच्या कचेरीसमोर. मी त्या दैनिकात उपसंपादक होतो. नाव मोठं, काम म्हणजे टेलिप्रिंटरवर आलेल्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं आणि उरलेल्या वेळात मुद्रितं तपासायची. आण्णा मला 'पेपरवाले' म्हणायचे. सकाळी सायकलवरून घरोघर पेपर टाकणाऱ्यालाही 'पेपरवाले'च म्हणायचे. आम्हां दोघांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही.

आण्णा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. अंगानं काटक, आवाज बारीक, आणि या सगळ्याला न शोभणारी एक मिशी. चांगली जाड, टोकांना पीळ दिलेली. सकाळी दुकान उघडलं की पहिली कात्री त्या मिशीला लागायची, मग गिऱ्हाइकाला. माझा शेजारी नरसय्या चादरीच्या मागावर काम करायचा. तो म्हणायचा, "आण्णा, मिशी तुमची, का तुमी मिशीचे?" आण्णा आरशात बघून पीळ नीट करायचे आणि "हौदा?", म्हणजे 'असं होय?', असं कानडीत विचारायचे. वळसंगच्या माणसाला निम्मं कानडी पाळण्यातच येतं.

दुकानात खुर्च्या दोन होत्या, पण गिऱ्हाईक एकाच खुर्चीवर घेतलं जायचं. दुसरीवर एक चादर अंथरलेली असायची. दिवाळीच्या गर्दीत माणसं रस्त्यावर उभी राहायची, पण त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. मी नवा होतो तेव्हा एकदा बसायला गेलो.

"तितं नगा. ती खुर्ची लागती."

"कुणाला?"

"लागती," एवढंच आण्णा म्हणाले आणि वस्तरा पट्ट्यावर फिरवू लागले.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात चीननं आपला पहिला उपग्रह आकाशात सोडला. तो गाणं वाजवत पृथ्वीभोवती फिरत होता. आमच्या संपादकांनी मला यावर दोन कॉलम लिहायला सांगितले, आणि मी एका जुन्या इंग्रजी मासिकातून चीनच्या रॉकेटांमागच्या माणसाची हकिकत उचलून लिहिली. तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेलेला, तिथेच नावाजलेला प्राध्यापक. पुढे दोन देशांत वितुष्ट आलं, त्याच्यावर संशय घेतला गेला, कोंडून ठेवलं, मग बाहेर काढलं पण देश सोडू देईनात. काही वर्षं तशीच गेली. शेवटी त्याला सोडलं, तो बोटीनं परत आला, आणि नवी पोरं हाताशी धरून त्यानं त्या देशात रॉकेटांची विद्या पहिल्यापासून उभी केली. लेख ठीकठाक होता. छापून आल्यावर मी तो विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी दाढीला गेलो तर आण्णांच्या हातात तो पेपर होता.

"पेपरवाले, ह्ये तुमी लिवलंय?"

"हो."

"खरं हाय?"

"पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार की, आण्णा."

आण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "तसलं खरं न्हाय. खरंच खरं हाय का?"

मी हो म्हणालो. माझ्या गालाला साबण लागलेला होता. मला वाटलं, आता उपग्रह गातो कसा, रॉकेट वर जातं कसं, असलं काही विचारतील. पण त्यांनी विचारलं ते निराळंच.

"त्येला सोडला कसा?"

मासिकात होतं तेवढं मी सांगितलं. अमेरिकेची काही माणसं चीननं धरून ठेवली होती. दोन्हीकडच्या लोकांनी एका टेबलाशी बसून बोलणी केली. मग चीननं ती माणसं सोडली आणि अमेरिकेनं ह्याला सोडला.

वस्तरा माझ्या गळ्यापाशी थांबला. "म्हंजी चिनी लोकांनी धरलेली मान्सं सोडली?"

"सोडली."

"जितीच?"

"जिवंतच."

बराच वेळ आण्णांनी वस्तरा खाली घेतला नाही. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. बाहेर पडल्यावर मी नरसय्याला म्हणालो, म्हातारा जरा विचित्रच दिसतो. नरसय्यानं मला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

आण्णांना एकच मुलगा. तो फौजेत गेला होता, पण बंदूक घेऊन नव्हे, धोकटी घेऊन. पलटणीचा न्हावी म्हणून भरती झाला होता. चीनशी लढाई झाली तेव्हा त्याची पलटण वर सरहद्दीवर होती. काही जण तिथे पडले, काही कैद झाले आणि पुढे सुटून घरी आले. हा दोन्हींत नव्हता. 'बेपत्ता' अशी तार आली. त्याची आई त्या धसक्यानं वर्षाच्या आत गेली. लग्नाला वर्षही न झालेली त्याची बायको सासऱ्याजवळ राहिली. सलूनच्या मागच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्या पडद्याआडच्या खोलीत ती राहायची आणि दिवसभर बिड्या वळायची. दुसरी खुर्ची त्या मुलासाठी आणलेली होती. तो रजेवर आला की बापाशेजारी उभा राहून गिऱ्हाईक करायचा.

हे कळल्यावर मला आण्णांकडे जायचीच भीती वाटू लागली. पण समोरचंच दुकान, टाळणार किती? गेलो, तर आण्णांनी आपणहूनच विषय काढला.

"पेपरवाले, न्हाव्याला कोन मारतंय सांगा बरं? बंदूकवाल्याला मारतील. न्हाव्यानं काय केलंय? आन त्येच्या हाताला गुन हाय. माज्यापरास हलका हात. असला मानूस घावल्यावर कोन सोडंल? तुमच्या चिनी मास्तराला अमेरिकेनं का सोडला न्हाय? कामाचा हुता म्हनून. मग आमच्या पोराला चिन्यांनी ठेवून घेतला असंल, तर त्येच्यात नवल काय?"

मी पुष्कळ मुद्रितं तपासली आहेत. चूक दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पण या बोलण्यातली चूक कुठल्या ठिकाणी दाखवायची तेच मला कळेना. मी म्हणालो, "आण्णा, डावीकडं जरा राहिलंय." त्यांनी डावीकडे वस्तरा फिरवला.

तेव्हापासून ती गोष्ट सुरू झाली. शास्त्रज्ञाचं नाव आण्णांच्या जिभेवर बसेना, म्हणून तो 'चिनी मास्तर' झाला. गोष्टीचं मोजमाप कामावर ठरलेलं होतं. नुसती दाढी असेल तर मास्तर अमेरिकेत जायचा, शिकायचा, नाव कमवायचा आणि अडकायचा. केस कापायचे असतील तर बोलणी व्हायची आणि बोट सुटायची. वर तेल-मालीश केलं, तर मास्तर घरी पोचून पोरं गोळा करायचा आणि शेवटी रॉकेट उडायचं. दाढीचं गिऱ्हाईक बिचारं मास्तराला कैदेत टाकून उठायला लागायचं, आणि ते आण्णांना सहन व्हायचं नाही. म्हणून ती दोन बोटं. माणसाला सोडवल्याशिवाय त्यांना वस्तरा पुसताच येत नसे.

मूळ लेखात नसलेलंही बरंच काही गोष्टीत आलं. अमेरिकेत मास्तराला भाकरी मिळत नव्हती, पावावर दिवस काढावे लागत होते, हे आण्णांनी घातलं. पहाऱ्यावरचे शिपाईसुद्धा त्याला 'मास्तर, पोराचं गणित बघा की' म्हणायचे, हेही त्यांचंच. मी एकदा म्हणालो, "आण्णा, हे मी लिहिलेलं नव्हतं." ते म्हणाले, "तुमच्या पेपरात जागा नसंल."

सगळ्यांना ही गोष्ट रुचायची असं नाही. लढाई होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. पेठेत एक शिंपी होते, आवाजानं पहाडी. त्यांची एक बाजू झाली होती, दुसऱ्या बाजूला फेस होता. ते एकदम ताडकन उठले. "शत्रूचं कौतुक माझ्यापुढं चालायचं नाही! आमची पोरं मारली त्यांनी!" म्हणाले आणि गळ्यातला टॉवेल फेकून तसेच अर्ध्या दाढीनं चालू लागले. आण्णांनी वाटीतलं पाणी तेवढं बदललं. चौकापर्यंत गेल्यावर लोक हसायला लागले तेव्हा शिंपी परत आले, न बोलता बसले आणि उरलेला गाल पुढे केला. साबण पुन्हा घोटला जाईतोवर बाकावरच्या कुणीतरी त्यांच्या कानात आण्णांच्या मुलाचं सांगितलं. दाढी झाल्यावर ते उठले नाहीत. "मग सोडला का त्याला?" त्यांनी खाली मान घालून विचारलं. आण्णांनी बोट सोडली तेव्हाच ते गेले.

एकदा मात्र आण्णा खरोखरच हादरले होते. बाकावर बसलेल्या एका शहाण्यानं सहज म्हटलं, "चिन्यांना दाढी येतच नाही. त्यांना न्हावी कशाला लागतोय?" बोलणारा बोलून गेला. मी दुपारी कचेरीत जायला निघालो होतो, तर आण्णा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. दुकान सोडून ते असे कधी येत नसत.

"पेपरवाले, चिनी लोकांना दाढी येत न्हाय म्हंत्यात. खरं का?"

त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी खोटं बोलायलाही तयार होतो. पण तशी वेळ आली नाही. "दाढी विरळ असते म्हणतात, आण्णा. पण डोक्याचे केस तर वाढतातच की."

"हां!" आण्णांनी श्वास सोडला. "केस वाडत्यात. ते तर कापायलाच लागनार. त्येचं मशीनबी चांगलं चालतंय, दाढीपरास केसाचाच हात त्येचा चांगला." आणि ते परत रस्ता ओलांडून गेले. त्या दिवशी मला बातमीत लक्ष घालता आलं नाही.

पडद्याआडून कधी काही ऐकू यायचं नाही. बिडीचं पान कापणारी कात्री तेवढी वाजायची. पुढे आण्णांची मोठी कात्री आणि मागे तिची लहान, अशा दोन कात्र्या चालू असायच्या. मी तिला क्वचितच पाहिलं. चहाचे कप ठेवायला येऊन परत जायची. पंचविशीच्या पुढची असेल. कपाळाला कुंकू असायचं, आणि ते आण्णांच्या मिशीइतकंच ठसठशीत असायचं.

तिचा भाऊ अधूनमधून मंद्रूपहून यायचा. सरळ माणूस. बाकावर बसून राहायचा आणि गिऱ्हाईक संपलं की हळूच सुरुवात करायचा.

"मामा, आमच्या भैनीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी?"

"मंगळवेड्याला एक मानूस हाय. आपल्यातलाच, सलून हाय त्येचं. बायको वारली. बोलून बगू का?"

दुसरं लग्न त्यांच्यात चालत होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत एकच होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, अशी रीत. आणि तरुण मुलगा गेला, मागे मूलबाळ नसलं, तर बापानं मिशी उतरवायची ही त्यांच्या भावकीतली चाल. बापाची मिशी जागेवर आहे तोवर मुलगा जिवंत आहे, आणि मुलगा जिवंत आहे तोवर सून बांधलेली. आण्णांनी पेठेतल्या किती बापांची आणि मुलांची डोकी सुतकात उतरवली असतील. स्वतःच्या मिशीला मात्र पीळच देत राहिले.

"बारा वर्सं झाली का?" ते विचारायचे.

"न्हाईत."

"मग?"

भाऊ चहा पिऊन मंद्रूपच्या एस.टी.ला जायचा. मला त्या माणसाची दया यायची, आणि खरं सांगायचं तर आण्णांचा रागही यायचा. हातात वस्तरा असलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही म्हणून मी गप्प बसायचो.

बांगलादेशची लढाई झाली आणि आण्णांना नवंच बळ आलं. आपण धरलेल्या कैद्यांच्या बातम्या रोज तारेवर यायच्या, आणि आण्णा रोज विचारायचे, "सोडनार का आपन?"

"सोडणार. बोलणी चाललीत."

"मग तेबी सोडतील."

"आण्णा, हे पाकिस्तानचे आहेत. चीनचा इथं संबंध नाही."

"कैदी त्यो कैदीच की, पेपरवाले. येकानं सोडला की दुसऱ्याला लाज वाटती." राजकारणावर अग्रलेख लिहिणाऱ्या आमच्या संपादकांना हे सुचलं नव्हतं.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. खेड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर गेलेली, पेठेतही गिऱ्हाईक कमी. अशाच एका दुपारी मी केस कापायला बसलो होतो. बाकावर नरसय्या पेंगत होता. गोष्टीत मास्तर अमेरिकेत अडकून दोन-तीन वर्षं झाली होती, बोट लागायच्या बेतात होती. तेवढ्यात मागची लहान कात्री थांबली.

"मामा, एक इचारू?"

आण्णांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पडद्याआडून पहिल्यांदाच कुणी गोष्टीत बोललं होतं.

"इचार की."

"त्यो मास्तर अडकला हुता तवा त्येची बायकू कुटं हुती?"

"तितंच की. त्येच्याजवळ. दोन्ही लेकरंबी तितंच."

वळलेल्या बिड्यांचं सूप बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"मग बरं हुतं की त्येचं," ती म्हणाली. "अडकला हुता, पर आपल्या घरात अडकला हुता. बोट उशिरानं निगाली तर निगाली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजारात भाजीचा भाव ऐकून बोलावं तसं ती बोलली. मग तिची कात्री पुन्हा सुरू झाली. आण्णांची मात्र झाली नाही. ते पडद्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी माझ्या मानेवरचे केस झटकले, कापड काढलं आणि "झालं" म्हणाले. डाव्या कानावरचे केस लांबच राहिले होते. मी तसाच उठलो. बोट त्या दिवशी निघाली नाही.

चार-सहा दिवसांनी सलूनची एकच फळी उघडी दिसली. आण्णांनी मला हाक मारली. आत त्यांचा वळसंगचा चुलतभाऊ धोकटी घेऊन आलेला, मंद्रूपचा सुनेचा भाऊ भिंतीला टेकून उभा, आणि बाकावर नरसय्या.

"बसा, पेपरवाले. चार मान्सं साक्षीला असू द्यात."

मग त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची चादर ओढून काढली, तिची नीट घडी केली आणि त्या खुर्चीत स्वतः बसले. मान मागे टेकवली. चुलतभावाला पुढे होववेना.

"दादा, बारा वर्सं झाली न्हाईत अजून. दोन वर्सं हाईत."

"ठावं हाय."

"मग कशाला घाई?"

"त्या मास्तराला अडवला म्हनून मी अमेरिकेला रोज शिव्या घालतोय," आण्णा म्हणाले. "आन हितं पडद्याआड मीच एकीला अडवून बसलोय. कुनी मला इचारलं न्हाय, म्हनून मलाबी दिसलं न्हाय. चालव वस्तरा."

पडदा सरकला. ती दारात आली होती. पदर तोंडाशी धरलेला.

"मामा, नगं. मी तसं म्हनले नव्हते. मी आपलं सहज इचारलं."

"मीबी सहजच करतोय, पोरी. जा, चा ठेव सगळ्यांना."

ती जागची हलली नाही. चुलतभावानं साबण लावला आणि दोन हातांत मिशी उतरवली. तो स्वतः रडत होता, आणि तरी त्याचा हात हलला नाही, धंद्याची सवय. आण्णांचा ओठ उघडा पडला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं, पण मला रडू आलंच. तो ओठ फार बारीक होता. त्या मिशीमागे इतका लहान चेहरा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती पुढे आली, खाली बसली आणि तिनं आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. चहा मग नरसय्यानं केला, आणि तो फार गोड झाला.

क्रिया वळसंगला झाली. त्यानंतर काही महिन्यांनी मंद्रूपला चार माणसांत लग्न झालं. मंगळवेढ्याचा तो माणूस मी पाहिला. हळू बोलणारा, अंगानं जाड, आणि सारखा रुमालानं घाम पुसणारा. त्याला बघून मला बरं वाटलं.

मंगळवेढ्याला निघण्याआधी दोघं आण्णांच्या पाया पडायला आली. आण्णा, नरसय्या आणि मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. बरोबर हातगाडीवर ती दुसरी खुर्ची होती.

"मामा, ह्ये कशाला?" जावईच म्हणायचा आता, तो म्हणाला.

"ती लागती म्हनून ठेवली हुती," आण्णा म्हणाले. "आता तुमाला लागंल."

कंडक्टर खुर्ची टपावर घ्यायला तयार नव्हता. आमच्या पेपरचं नाव सांगून मी जरा आवाज चढवला. पत्रकारितेचा एवढा उपयोग मी आयुष्यात एकदाच केला. खुर्ची टपावर चढली, दोरीनं बांधली गेली. गाडी सुटली. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. कपाळावर कुंकू होतं, आधीच्याइतकंच. आण्णांनी हात वगैरे केला नाही. टपावरची खुर्ची वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

"निगाली," ते म्हणाले.

परत येताना माझ्या पोटात एक प्रश्न होता. विचारू नये हे कळत होतं, पण विचारून गेलो. "आण्णा, समजा तो आला तर?"

आण्णा चालायचे थांबले नाहीत. "आला तर आला. मी हाय की हितं. त्येची वाट बगनारं एक मानूस कमी झालंय. वाट बगायची बंद कुटं झालीय?"

पुढे आण्णांनी मिशी ठेवली नाही. सुतक संपल्यावर ठेवायला हरकत नव्हती, लोक म्हणालेही. ते म्हणायचे, "नगं. मंगळवेड्याच्या पाव्हन्यांच्या कानावर जायचं. म्हंतील, म्हातारा पुन्ना वाट बगाय लागला. पोरीला तितं घोर लागंल." रोज सकाळी पहिला वस्तरा ते स्वतःच्या ओठावर फिरवायचे. आणि माझ्या दाढीचा साबण लावताना, आवाज खाली आणून, विचारायचे, "तारंवर चीनचं काय आलंय?"

गोष्ट त्यांनी सोडली नाही. फक्त आता नुसत्या दाढीलाही बोट सुटायची. खांद्यावरची दोन बोटं गेली. कुणाला घाई असली तर आण्णा म्हणायचे, "उटा, उटा. जाऊ द्या." मला ती बोटं आठवायची. काही दिवस मी मुद्दाम बसून राहायचो.

अशी काही वर्षं गेली. मग आण्णा आजारी पडले आणि दुकानाच्या फळ्या लागल्या. मागच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. मंगळवेढ्याहून ती आली, नवरा आला, तीन-चार वर्षांची त्यांची मुलगी आली. ती आण्णांना 'आज्जा' म्हणायची. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना ओळख नीट पटत नव्हती. महिनाभर वस्तरा लागलेला नव्हता. दाढी पांढरी झाली होती, आणि ओठावर मिशी आली होती, दाट, सगळी पांढरी.

जावयानं धोकटी उघडली. "असं बरं दिसत न्हाय. गाल तरी साफ करतो," म्हणाला आणि त्यानं साबणाचा फेस केला. हलका हात होता. एक गाल झाला, दुसरा झाला, हनुवटी झाली. मग त्यानं ब्रश ओठाकडे नेला.

"मिशीला हात लावू नगा," मागून सून म्हणाली.

तो थांबला. तिच्याकडे बघितलं. ती तेलाची बाटली शोधत होती. त्यानं ब्रश वाटीत ठेवला, वस्तरा मिटला, बारीक कात्री काढून मिशीची टोकं तेवढी सारखी केली आणि बाजूला झाला. मग ती खाटेवर टेकली. बोटाला तेल घेतलं आणि दोन्ही टोकांना हळूहळू पीळ दिला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. आण्णांनी डोळे उघडले नाहीत, पण हनुवटी जरा वर केली, खुर्चीतलं गिऱ्हाईक करतं तशी.

दोन दिवसांनी आण्णा गेले. ती मिशी तशीच होती.